चांद अधिक एक

रोह्याच्या बाजारपेठेत माझं वाल-तांदळाचं दुकान आहे. तोंडाने मी फटकळ, हे मला कोणी सांगायला नको. सासू सांगून गेली, नवरा सांगून गेला, आता गिऱ्हाईकं सांगतात. तर त्या फटकळपणाचीच ही गोष्ट आहे, पण ती माझी नाही, हुस्नबानोची आहे. मी मध्ये मध्ये येणार, कारण मी तिथं होते.

आधी उघाडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या बाजाराचं सगळं सांडपाणी, पावसाचं पाणी एका नाल्यातून कुंडलिकेत जातं. आता कुंडलिकेला मालक दोन. वरून धरणाचं पाणी येतं, खालून खाडीची भरती येते. भरती आली की नदीचं पाणी नाल्याच्या पाण्यापेक्षा उंच होतं आणि उलटं बाजारात घुसायला बघतं. म्हणून नाल्याच्या तोंडाशी जाड फळ्यांचा एक दरवाजा आहे, साखळी आणि चाकावर वरखाली होणारा. ती उघाडी. भरतीच्या आधी पाडायची, पाणी मुरडलं, म्हणजे ओहोटीला लागलं, की उचलायची. ऐकायला सोपं आहे. पावसाळ्यात मात्र आत पावसाचं पाणी तुंबत असतं आणि बाहेर नदी चढत असते. तेव्हा दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तरी कोणाच्या तरी दुकानात पाणी जातं.

ही उघाडी अठ्ठावीस वर्षं हुस्नबानोने सांभाळली. एकटीने.

तिचा सासरा मचव्यावाला. रेवदंड्याहून भरतीबरोबर मचवा वर आणायचा, रोह्याच्या धक्क्याला कौलं उतरवायचा, वाल भरायचा, ओहोटीबरोबर खाली. रोहा मुळात वसलं ते असं, पाण्याच्या त्या जाण्यायेण्यावर. पुढे ट्रक आले, मचवे कुजले. म्हाताऱ्याला बाजार उघाडी मंडळाने, म्हणजे आम्हा दुकानदारांच्या मंडळाने, ह्या उघाडीचं काम दिलं. तिचा नवरा खलील आखातात होता, आजारी होऊन परत आला आणि वर्षाच्या आत गेला. मुलगा अर्शद तेव्हा चार वर्षांचा. म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा चाक बानोने धरलं. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "बाईमाणसाला जमेल का?" ती म्हणाली, "पानी बाय-पुरुष बघून येत नाय." विषय संपला.

उघाडीशेजारी एक खोली, खोलीबाहेर आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला. पाडताना दोन टोले, उचलताना तीन. अख्खा बाजार त्या टोल्यांवर चालायचा. मासळीवाल्या विचारायच्या, बानो, होड्या कधी लागतील? स्मशानातून माणूस यायचा, घाटाच्या पायऱ्या कधी मोकळ्या होतील? गणपती विसर्जनाला मंडळाची पोरं आधी तिच्याकडे. धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जाणारे फोन करायचे, "चाची, आज रस्त्यावर येईल का?" आणि ती घड्याळाकडेही न बघता सांगायची, "पावनेतीनच्या आत जावा."

हा हिशोब ती कसा करायची? खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. ही वेळ रेवदंड्याची, खाडीच्या तोंडाची. तिथून पाणी रोह्याला पोचायला दीड तास. झालं.

पण बानोकडे तिथी नव्हती, चांद होता. तिचा महिना चांद दिसला की सुरू होतो आणि अमावस्येनंतर चांद दिसेस्तोवर आमची द्वितीया उजाडलेली असते. म्हणून ती म्हणायची, "चांद अधिक एक, त्याची पाऊन, वर दीड तास." सासऱ्याने शिकवलेला मंत्रच तो. आता कधी कधी ढग असतात, चांद दिसत नाही, त्यांचा महिना एक दिवस पुढे सरकतो. मग अधिक एक नाही, अधिक दोन करावे लागतात. म्हणून दर महिन्याला त्यांच्या पहिल्या चांदाला बानो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहायची.

"कृष्णा, तुझी आज कितवी?"

मी मागे वळून कॅलेंडर बघायची. "द्वितीया."

"मंग एक." आणि ओढणीच्या टोकाला एक गाठ मारायची. मी तृतीया सांगितली तर दोन गाठी. ती गाठ महिनाभर तशीच. मग पायरीवर बसून चहा, गावभरच्या गप्पा, माझ्या गुडघ्यांची आणि तिच्या सुनेची, हिनाची, चौकशी. अर्शद शारजाला नोकरीला आणि हिना पण तिथंच.

तुम्ही म्हणाल, बाईने घरात एक कॅलेंडर लावायचं की! मीही म्हटलं होतं. दिवाळीत फुकट वाटतो आम्ही, घेऊन जा एक. ती म्हणाली, "मंग मी तुझ्याकडं येऊ कशाला गो?"

तर असं हे अठ्ठावीस वर्षं. मग आला माझा भाचा सुजय.

मी पेणची. माहेर भोगावतीच्या काठाला, मूर्तींचे कारखाने आहेत त्या बाजूला. सुजय माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअर झालेला, पोरगा गुणी. आमच्या मंडळाने उघाडीला मोटार बसवायचं ठरवलं तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. फाल्गुनातल्या मीटिंगला तो पेणहून आला, लॅपटॉप उघडला, आलेख दाखवले. पाण्यात एक दांडा रोवायचा, तो पाणी मोजत राहणार, बटण दाबलं की दरवाजा वर. मंडळाचा सेक्रेटरी प्रणित, कापडवाला, त्याने सरळ विचारलं, "मग माणूस कशाला लागतोय?"

सुजय म्हणाला, "बटण दाबायला एक माणूस ठेवा नाहीतर ऑटोमॅटिक करा. तुमची मर्जी."

मग खूप बोलणं झालं आणि ठरलं ते असं. यंदाच्या पावसाळ्यात दांडा नुसता मोजेल, उघाडी बानोच चालवेल. पावसाळाभर बाजारात पाणी आलं नाही, तर बटण बानोच्या हातात, खोलीही तिची, अंगात जोर आहे तोवर. आलं, तर मशीन ऑटोमॅटिक आणि बानोला रजा.

ह्यात बानोचं घोडं कुठं अडलं होतं ते मला माहीत होतं. अर्शद दोन वर्षं फोनवर एकच सांगत होता, अम्मी, तिथं एकटी काय करतेस, इकडे ये. ती दर वेळी म्हणायची, उघाडी कोन बघनार? त्याच्यापुढे तिच्याकडे एवढंच एक उत्तर होतं. उघाडी गेली की उत्तर गेलं आणि तिला रोहा सोडावं लागणार. आणि तिला रोहा सोडायचं नव्हतं. एवढंच सगळं पणाला लागलं होतं, पण तिच्यासाठी तेच सगळं होतं.

ती चिडली होती. मंडळावर चिडून उपयोग नव्हता, म्हणून माझ्यावर चिडली. वैशाखात एक दिवस दुकानात चार बायका उभ्या असताना आली आणि सुरूच झाली.

"पेनची पोरं आता आमाला पानी शिकवनार! पेनला नदी हाय कुठं गो? ती भोगावती म्हंजे गटारच ना मोठं?"

माझ्या माहेरच्या नदीला गटार! मी तराजू खाली ठेवला. "तोंड सांभाळ, बानो. आमच्या भोगावतीच्या काठावर देव घडतात. सगळ्या दुनियेत जातात. तुझ्या कुंडलिकेने काय घडवलंय ते सांग."

"देव घडतात, व्हय," ती म्हणाली. "माती गुजरातची, रंग मुंबयचा, गिऱ्हाईक पुन्याचं. तुझ्या नदीचं त्यात काय हाय? हात धुवायचं पानी?"

चारही बायका हसल्या. मला झोंबलं, आणि जास्त झोंबलं ते एवढ्यासाठी की शाडूची माती खरंच गुजरातेतून येते. लहानपणी अंतोऱ्याच्या बंदरावर माल उतरायचा असं वडील सांगायचे, नदीने पेण उभं केलं असं सांगायचे, ते सगळं मला त्या क्षणी सांगता आलं नाही. माझ्या तोंडून भलतंच गेलं.

"तुझी कुंडलिका तरी तुझी आहे का? वरून धरणवाले सोडतात, खालून खाडी ढकलते, मधे तू फुकटची पाटलीण. आणि एक ऐक, पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."

बानोचा चेहरा पडला. मी बघितलं तो पडताना. "बरं," एवढंच म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली.

आता मी काय केलं होतं ते मला रात्रीपर्यंत कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि जाऊन सांगणं वेगळं. म्हटलं, येईल. पहिल्या चांदाला येईलच, न येऊन जाते कुठं! तेव्हा चहा ठेवीन आणि विषय मिटेल.

ज्येष्ठ लागला. त्यांचा चांद कधी दिसला मला कळलं नाही, आभाळ भरून आलेलं होतं. पण शुद्ध तृतीयेच्या सकाळी मी बघितलं, बानो समोरच्या फुटपाथवरून चाललीय. माझ्या दुकानासमोर तिची पावलं जरा मंदावली. तिने इकडे बघितलं नाही. मी तांदूळ निवडत होते, मीही मान वर केली नाही. ती पुढे गेली. ओढणीच्या टोकाला एक गाठ होती. एकच. ती कोणत्या महिन्याची, नवी की जुनी, हे विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. अहो, नाकावर राग असला ना, की समोरचं दिसत असूनही दिसत नाही.

दहा दिवसांनी तो दिवस आला. वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. पहाटेपासून पाऊस असा धरून होता की समोरचं दुकान दिसत नव्हतं. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आल्याने पेणची गाडी आली नाही, कोलाडहून येणारे दूधवाले उशिरा आले. साडेआठच्या सुमारास दोन टोले ऐकू आले. उघाडी पडली. आत नाला तुंबायला लागला आणि दहापर्यंत खालच्या आळीतल्या दुकानांच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं. प्रणित आणि आणखी पाचसहा जण छत्र्या घेऊन उघाडीकडे धावले. मला ओरडणं ऐकू येत होतं, "उघड, चाची, उघड!"

माझं दुकान वरच्या अंगाला, मला तेव्हा तशी भीती नव्हती. वटपौर्णिमेच्या ओटीला गहू लागतात, आळीतल्या दोन सुना त्या पावसात गहू न्यायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकी, पौर्णिमा परवाच ना? आमच्या घरी उद्या म्हणतात."

"परवाच," मी म्हटलं. "आज तेरस."

आणि तेवढ्यात टोले पडले. एक. दोन. तीन.

मी घड्याळाकडे बघितलं, साडेदहा. माझा हात गव्हाच्या मापातच राहिला. तेराची पाऊण पावणेदहा. त्यावर दीड तास, सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी मुरडणार, आणि साडेदहालाच तीन टोले? अठ्ठावीस वर्षं ऐकलेला हिशोब, मला पाठ होता. बारा धरले होते तिने. बाराची पाऊण नऊ. एक गाठ. दोन हव्या होत्या.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगायचं असतं तर ही गोष्टच सांगितली नसती. मला त्या क्षणी कळलं होतं. उघाडी माझ्यापासून शंभर पावलांवर. चाक फिरवून दरवाजा उचलायला वेळ लागतो, टोल्यांनंतर निदान दोनतीन मिनिटं. धावले असते तर पोचले असते. आणि मी काय केलं? माझ्या मनात आलं, मी काय म्हणून जाऊ? मी गव्हाचं माप भरलं. पिशवीत ओतलं. दुसरं माप भरलं. पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधलं. सुनेने पैसे पुढे केले ते घेतले, गल्ल्यात टाकले. आणि मग मी पदर खोचून पावसात धावले.

पोचले तेव्हा दरवाजा हातभर वर गेला होता. बाहेर नदी आणि आत नाला, दोन्हीकडे एकसारखं लाल पाणी, कुठलं उंच ते डोळ्याला कळत नव्हतं. पुराच्या पाण्यात भरतीची मुरड दिसत नाही, म्हणून तर हिशोब लागतो. बानो चाकाला लोंबकळून फिरवत होती आणि मागे प्रणित शाबासकी देत होता.

"पाड!" मी ओरडले. "बानो, पाड! सव्वाअकरा!"

तिने माझ्याकडे बघितलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

"तेरस?" ती म्हणाली.

"तेरस!"

तिने दुसरा शब्द विचारला नाही. चाक उलटं फिरवलं. मीही धरलं, प्रणितने धरलं, सगळे लागलो. पण एवढ्या वेळात नदी आत शिरली होती, पाण्याचा दाब बसून फळ्या खोबणीत अडकल्या, दरवाजा ना वर ना खाली. आम्ही तिथं उभं राहून बघत राहिलो. अजून पाऊण तास पाणी चढायचं होतं आणि ते चढलं. बरोबर पाऊण तास.

बाजारात गुडघाभर पाणी झालं. माझ्याही दुकानात आलं. कोणाच्या जिवाला काही झालं नाही, देवाची कृपा. तीन वाजता पाणी उतरलं आणि चिखल राहिला.

माझी वालाची दोन पोती भिजली. तिसऱ्या दिवशी बघते तर पोत्यातून मोड वर आलेले, असे पांढरे, लांब, जसे मुद्दाम आणून ठेवलेत. वाल भिजले की त्यांना फेकायचं पाप कोण करणार? गल्लीभर वाटले. चार दिवस आमच्या आळीत प्रत्येक घरातून बिरड्याचा वास येत होता, प्रणितची बायको म्हणाली, काकी, पुराने मेजवानी दिली. मी वालांचं पातेलं उचललं आणि उघाडीच्या खोलीवर गेले. तिच्या पायरीवर मी. तिने ताट पुढे सरकवलं. आम्ही दोघी बसून वाल सोलायला लागलो.

"मोड बरे आलेत," ती म्हणाली.

"अगं, न्हाव्याकडे कॅलेंडर होतं की!" मला राहवलं नाही. "मशिदीसमोरच्या टपरीवर आहे. फोन आहे तुझ्याकडे. कुणालाही विचारायचं होतंस!"

"तुला नाय इचारायचं," ती सोलता सोलता म्हणाली, "तर कुनालाच नाय, असं म्हटलं मनाशी. पुसटसा आठवत व्हता चांद उशिरा धरल्याला. तरी एकच गाठ मारली. म्हटलं, बगू." मग हसली जराशी. "बगितलं."

मी हातातला वाल खाली ठेवला. "बानो, मी टोले ऐकले. मला तेव्हाच कळलं होतं. मी लगेच आले नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"किती येळ?" तिने विचारलं.

"दोन मापं गहू."

ती पुन्हा सोलायला लागली. "मीटिंगमदे हे बोलू नको," ती म्हणाली. "चाक माझ्या हातात व्हतं. तुझ्या नाय."

मीटिंग रविवारी झाली. सुजय पेणहून आला होता. त्याच्या दांड्याने सगळं टिपून ठेवलं होतं, पाणी कधी चढलं, कधी मुरडलं, अकरा वाजून सोळा मिनिटांनी. पोरगा बिचारा खाली मान घालून सांगत होता, त्याला वाईट वाटत होतं. "मावशी," तो बानोला म्हणाला, "एवढ्या पावसात कोणाचाही अंदाज चुकला असता. वरून धरणाचंही पाणी होतं."

बानो उभी राहिली. "अंदाज नाय चुकला. हिसाब चुकला. मी एक चांद कमी धरला. दुसऱ्या कुनाचं काय नाय."

आणि मग मी उठले. बानोने माझा पदर ओढला, तरी उठले. सगळं सांगितलं. वैशाखातलं भांडण, पायरी चढू नको म्हटलेलं, तिसरा टोला पडला तेव्हा सव्वाअकरा मला माहीत होतं ते, आणि दोन मापं गहू. म्हटलं, पाणी तिने आणलं असेल तर निम्मं मी आणलं. काय शिक्षा करायची ती दोघींना करा.

मग प्रणित उठला, माझ्याजवळ आला, आणि डोळे पुसत म्हणाला, "काकी, मैत्रिणीला वाचवायला तुम्ही स्वतःवर एवढं घेताय. अशी मैत्री आताच्या काळात बघायला मिळत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी ओरडून सांगत होते, अरे मूर्खांनो, खरं आहे, खरं सांगतेय मी! आणि ते जास्तच टाळ्या वाजवत होते. जन्मभर माझ्या फटकळपणाला सगळे घाबरले, माझं वाकडं बोलणं सगळ्यांना खरं वाटलं. एकदा मनापासून खरं बोलले तर कोणाला पटेना. बानो तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

ठराव झाला तसाच झाला. मशीन ऑटोमॅटिक. बानोला शाल, श्रीफळ आणि रजा.

आश्विनात अर्शद न्यायला आला. मी निरोप द्यायला त्यांच्या गाडीतून पुलापर्यंत गेले. पुलावर तिने गाडी थांबवायला लावली, उतरली, कठड्यावरून खाली बघितलं. मोटार लागलेली उघाडी तिथून दिसते. "ओहोटी," ती म्हणाली, आणि गाडीत बसली. मी तिथून चालत परत आले. भर दुपारी, सगळा बाजार बघत असताना रडत आले, काय करायचं ते करा.

मशीन चांगलं चालतं. खोटं कशाला बोलू, सुजयने काम चोख केलंय. टोले नाहीत आता. होड्या कधी लागतील ते मासळीवाल्या फोनमध्ये बघतात. मी दिवाळीची कॅलेंडरं वाटली आणि एक बाजूला काढून ठेवलं, कोणासाठी ते मलाच कळलं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुकानात गर्दी होती, फोन वाजला, लांबचा नंबर.

"कृष्णा, तुझी आज कितवी?"

मी गिऱ्हाईकांना हाताने थांबवलं आणि मागे वळून कॅलेंडर बघितलं. "त्रयोदशी. तुझा चांद?"

"तेरा," ती म्हणाली. "इथं चांद एक दिवस आदी धरतात गो. पंधरा दिवस बगते हाय मी. तुझी तिथी तोच माझा चांद. काय मिळवायलाच लागत नाय. गाठ मारायला टोक धरलं ओढनीचं, आनी सोडून दिलं."

"बरं आहे की मग," मी म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार?

"व्हय, बरं हाय." तिच्या तिकडे कुठंच पाण्याचा आवाज नव्हता, एसीची घरघर होती. "तेराची पाऊन," ती म्हणाली, "पावनेदहा. वर दीड तास."

दुकानात सहा माणसं उभी होती, एक जण तांदळाचा भाव विचारत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"सव्वाअकरा," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, वेळेवर म्हटलं. "बानो, सव्वाअकरा."